खुंटी

खुंटी ही मुक्कामाला असलेल्या माणसाची वस्तू आहे. ज्याला उद्या उठून जायचं आहे, तो भिंतीत खिळा ठोकत नाही. घरात काय काय आहे असं कुणी विचारलं, तर आपण पलंग सांगतो, कपाट सांगतो, पंखा सांगतो. खुंटी कुणी सांगत नाही. ती मोजण्यात येत नाही, इतकी ती घराची झालेली असते.

सकाळी अजून उजाडायचं असतं. दिवा लावायच्या आधीच माझा हात दाराशेजारच्या खुंटीकडे जातो आणि शाल हाताला लागते. शोधावी लागत नाही. जिथे काल ठेवली तिथेच ती असते. अंधारात हात सरळ आपल्या वस्तूवर पडावा, हे सुख मला फार उशिरा मिळालं. म्हणून असेल, ते अजून जुनं झालेलं नाही.

माझं गाव मुकुटबन, झरी-जामणी तालुक्यातलं. कापसाचा मुलूख. दक्षिणेला पैनगंगा, आणि नदी ओलांडली की आदिलाबाद. आता तिकडे तेलंगणा म्हणतात. 2014 सालच्या आधी आम्ही सरसकट ‘आंध्रात जातो’ म्हणायचो. शेत नसलेल्या माणसांचं वर्ष या नदीने दोन भागांत वाटलेलं असायचं. दसऱ्यापासून इकडे कापूस वेचायचा. संक्रांत झाली, फरदडीचा कापूस विरळ झाला, की ठेकेदाराच्या ट्रकच्या हौद्यात बसून वरंगळ, खम्ममकडे मिरची तोडायला जायचं. चंद्रपूर, गडचिरोलीची माणसं मोठ्या संख्येने जात. आमच्या भागातली जात. माझे आईबाप त्यांतलेच. आणि मला मागे ठेवायला घरात कुणी नव्हतं, म्हणून मीही.

त्या जाण्याची आठवण काढली की मला आधी बोचकं दिसतं. मायच्या जुन्या लुगड्याची चार टोकं एकमेकांत गुंतवून बांधलेलं. त्यात ज्वारीचं पीठ, तिखटमिठाची पुडी, एक गंज, दोन ताटल्या, वाकळ, तिची दुसरी चोळी, माझा दुसरा फ्रॉक, फणी. आमचं अख्खं घर डोक्यावर मावत होतं. ऐकायला हे छान वाटतं. पण बोचक्यात राहण्यात एक त्रास असतो, तो राहिल्याशिवाय कळत नाही. फणी हवी असली की सगळं सोडावं लागतं. पिठाला तिखटाचा वास लागतो, फ्रॉकला पिठाचा. कुठल्याच वस्तूला स्वतःची जागा नसते. रात्री काही लागलं तर माय म्हणायची, “राहू दे आता, सकाई पाहू.” लहानपणीच्या कितीतरी गोष्टी अशा सकाळवर गेल्या.

तिथे पोचल्यावर शेताच्या कडेला खोपी घालायची. चार बांबू, वर शिंदीची पानं नाहीतर मेणकापड, बाजूंना पऱ्हाट्या उभ्या करून केलेला कूड. आत वाकून शिरायचं. गावी आमच्या शेजारी कोलामांचा पोड, म्हणजे त्यांची वस्ती, होती. त्यांचीही घरं कुडाचीच, पण तिथे आढ्याला शिंकं टांगलेलं असायचं. आमच्या खोपीला तेवढाही जोर नव्हता. काही अडकवलं की कूड कलायचा.

मिरचीचं काम दिसायला सोपं. लाल झालेली मिरची देठासकट खुडायची, पोत्यात भरायची. वजन नाही, वाकणं नाही फारसं. पण दुपारपर्यंत बोटं जळायला लागतात आणि ती जळजळ हात धुऊन जात नाही. रात्री अंगावर येते. मोठी माणसं हाताला तेल लावत, ताक लावत. लहान मुलांचं कठीण. झोपेत हात डोळ्याकडे जातोच. माय माझ्या दोन्ही पंजांना फडकं गुंडाळायची आणि वरून सुतळीचा सैल वेढा द्यायची. “डोयाले हात नको लावू वं बाई,” म्हणत ती माझ्या तळव्यांवर फुंकर घालत बसायची. तिचे स्वतःचे हात तेव्हा कुणी पाहत नव्हतं. मीही नाही.

माझ्याकडे एक पाटी होती. गुरुजींनी सांगितलं होतं, तिकडे गेलीस तरी रोज पाढे लिही. पाटी बोचक्यात ठेवली की गंजाखाली दाबली जायची, खोपीत ठेवली की पायाखाली यायची. म्हणून मी ती छातीशी धरून निजायची. पाटीची लाकडी चौकट हाडाला टोचते. कूस बदलली की जाग यायची.

शेताच्या मालकाची म्हातारी आई होती. तिला सगळे अव्वा म्हणत, म्हणून मीही म्हणायची. तिला मराठी येत नव्हतं, मला तेलुगू दोन-चार शब्द. ती पहाटे गोठ्यात यायची तेव्हा एकदा तिने मला तशी निजलेली पाहिलं असावं. सकाळी तिने मला हाताला धरून गोठ्यात नेलं. मोडक्या बैलगाडीच्या साट्यातून तिने एक खिळा उपसून ठेवला होता, गंजलेला, जरा वाकलेला. दगडावर ठेवून तिने तो ठोकून सरळ केला. मग माझ्याकडे पाहिलं, माझा हात वर करायला लावला, माझी बोटं जिथे टेकली तिथे खांबावर अंगठ्याने खूण केली, आणि बरोबर तिथे खिळा मारला. स्वतःच्या उंचीवर नाही, माझ्या उंचीवर.

पाटीच्या चौकटीला वर एक भोक असतं. ते कशासाठी असतं, हे तोवर मला माहीत नव्हतं. मायने लुगड्याचा काठ फाडून दोरी वळली, भोकातून ओवली आणि पाटी खिळ्याला टांगली. अव्वा “बिड्डा”, म्हणजे लेकरू, एवढंच म्हणाली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि शेण भरायला लागली. त्या रात्री मी हात मोकळे ठेवून निजले. पाटी गोठ्यात होती आणि ती तिथेच असणार होती. माझी म्हणून एखादी वस्तू तिच्या जागेवर आहे आणि तिची राखण मला करायची नाही, हे मी पहिल्यांदा अनुभवलं.

यात मला सगळ्यात मोठं वाटतं ते खिळ्याची उंची. देणारे पुष्कळ असतात. पण आपण जिथे उभे आहोत तिथूनच आपला हात पुढे करतो आणि घेणाऱ्याने टाचा उंचावाव्यात असं धरून चालतो. अव्वाने आधी माझा हात कुठवर जातो ते पाहिलं.

एक गोष्ट लपवून ठेवली तर हे लिहिणं खोटं होईल. त्याच घरचा काटा आमच्या मिरचीला दर वेळी थोडा हलका भरायचा. माय निरक्षर होती, पण डोक्यावर घेतलेल्या पोत्याचं वजन तिला मानेने कळायचं. ती काही बोलायची नाही. बोललो तर पुढल्या साली काम मिळणार नाही, हे तिला ठाऊक होतं. ज्या घराने मला खिळा दिला त्याच घराने माझ्या आईची मजुरी कापली. मी पुष्कळ वर्षं या दोन गोष्टी एकमेकींतून वजा करून पाहत होते. बाकी काही उरतं का ते बघत होते. आता तसं करत नाही. हिशेब हिशेबाच्या जागी असावा, उपकार उपकाराच्या जागी. एकाने दुसरा फिटत नाही.

म्हणून कुणी मला म्हणतं, ‘बघा, गरिबीने तुम्हाला किती शिकवलं’, तेव्हा मला ते पटत नाही. गरिबीने मला काही शिकवलं नाही. तिने माझ्या शाळेचे महिने खाल्ले, मायचे हात खाल्ले. शिकवलं ते माणसांनी. गुरुजींनी, अव्वाने, मायने. गरिबीला गुरू म्हणणं हे ज्याची त्यातून सुटका झाली आहे त्यालाच परवडतं. एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीच्या काळात, तेलंगणातल्या मिरचीच्या शेतांतून माणसं पायी निघाली होती. त्यांत छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यातली बारा वर्षांची एक मुलगी होती. ती घराच्या जवळ येऊन पोचली आणि वाटेतच गेली. ती बातमी वाचली तेव्हा मला त्या वाटा आठवल्या, ती बोटांची आग आठवली. माझ्यात आणि तिच्यात काय फरक होता? काहीच नव्हता. मी फक्त चांगल्या सालात लहान होते. कृतज्ञतेला हे भान नसेल, तर ती नुसतं समाधान होऊन बसते. आणि समाधानी माणूस फार लवकर डोळे मिटतो.

कृतज्ञता मायकडे होती, पण तो शब्द तिच्याकडे नव्हता. तिचं सगळं हातात होतं. कापसाची वेचणी सुरू करताना आमच्याकडे सीतादही करतात. पहिलं बोंड फुटलं की पऱ्हाटीच्या बुडाशी दहीभाताचा नैवेद्य ठेवायचा, हात जोडायचे, मग ओटा कमरेला बांधून तासात शिरायचं. शेत मालकाचं, नैवेद्य मालकिणीचा. पण वेचणाऱ्या बाया मालकिणीइतक्याच मनाने हात जोडत. मुठीएवढा दहीभात प्रत्येकीच्या वाट्याला यायचा. माय तो पानावर घ्यायची, त्यातला अर्धा मला द्यायची आणि उरलेला चवीने, सावकाश खायची, जणू घाई केली तर त्याचा अपमान होईल.

आणि खोपी सोडताना ती एक काम करायची. हंगाम संपला, ट्रक येऊन उभा राहिला, बाकीचे सामान चढवत असायचे, तेव्हा ती आत जाऊन जमीन झाडायची. शेणाचा हात फिरवायची. चूल विझवून तिची राख बांधावर टाकायची. दुसऱ्या दिवशी तिथे नांगर फिरणार असायचा. बाबा चिडायचे, “काहून सारवतं? कोण राहाले येऊन राह्यलं अथी?” ती म्हणायची, “ज्या जाग्यानं आपल्याले निजू देल्लं, ते उष्टी ठेवून नाई जा लागत.”

हे वाक्य मी पुष्कळ वर्षं नुसतं आठवणीत ठेवलं होतं. समजलं ते नंतर, स्वतःचं घर झाल्यावर. आपण कृतज्ञ असतो ते बहुधा जे आपल्याकडे राहणार आहे त्याच्याबद्दल. जे सुटणार आहे, ज्याचा उद्या उपयोग नाही, त्याच्याबद्दल हात जोडायला वेगळं मन लागतं.

आमच्या वऱ्हाडाने असं मन मोठ्या मापाने पाहिलं आहे. गाडगेबाबा 1876 साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि एक गाडगं. त्याच गाडग्यात भाकरी, त्यातच पाणी. आयुष्यभर ते एका गावाहून दुसऱ्या गावाला जात राहिले, झाडत राहिले. आणि याच माणसाने पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतः मात्र त्यांत घर करून राहिले नाहीत. ज्याला स्वतःला एक खुंटी नको होती त्याने दुसऱ्यांसाठी इतक्या भिंती बांधल्या, हे मला त्यांच्या सगळ्या चरित्रातलं मोठं आश्चर्य वाटतं. आमची वणवण लादलेली होती, त्यांची पत्करलेली. दोन्हींची तुलना करू नये. पण माय खोपी सारवायची तेव्हा तिच्या हातातला खराटा त्याच घराण्यातला होता, असं मला मनापासून वाटतं.

अलीकडे कृतज्ञतेच्या वह्या निघाल्या आहेत. रोज तीन गोष्टी लिहा, पाच लिहा. त्यामागे अभ्यास आहे. अमेरिकेत 2003 साली रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या दोन मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की, आपल्याला मिळालेल्या चांगल्या गोष्टी नेमाने लिहून काढणारी माणसं त्रासाच्या गोष्टी लिहिणाऱ्यांपेक्षा अधिक समाधानी असतात. ते खरं असेलच. मलाही कुणी तशी वही भेट दिली होती. पण मला भरभर पुढे जाता येईना. मी ‘खुंटी’ असं लिहिलं आणि तिथेच थांबले. मग गोठा आला, अव्वा आली, वाकडा खिळा आला, पाटीचं भोक आलं. पान भरून गेलं, दुसरी गोष्ट लिहायची राहिली. मला वाटतं, यादी मोठी करण्यापेक्षा एकाच गोष्टीपाशी जास्त वेळ थांबणं बरं. प्रत्येक लहान वस्तूच्या मागे कुणीतरी उभं असतं. घाई केली तर ते दिसत नाही.

मुकुटबन आता बदललं आहे. जमिनीखाली कोळसा आणि चुनखडी, त्यामुळे बदल व्हायचाच होता. सिमेंटचा मोठा कारखाना 2022 साली सुरू झाला. रस्त्याला मालमोटारींची रांग असते. माजरी-आदिलाबाद लोहमार्ग गावाजवळून जातो, त्यावर मालगाड्या धावतात. आम्ही कामासाठी इथून बाहेर जायचो. आता बाहेरची माणसं कामासाठी इथे येतात. दूरच्या राज्यांतली, हिंदी बोलणारी. गावात भाड्याच्या खोल्या झाल्या आहेत. एका खोलीत चार-पाच माणसं. कुणी बायकोमुलांना घेऊन येतं. त्यांच्या दारावरून जाताना आत नजर जाते तेव्हा एक दोरी दिसते, या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत ताणलेली, आणि तिच्यावर सगळ्यांचे कपडे. खाली फरशीवर पोराचं दप्तर. कारण खोली देताना मालकाची अट असते, भिंतीला खिळे मारायचे नाहीत. प्लास्टर उडतं, रंग खराब होतो. अट चुकीची आहे असं नाही. भिंत त्याची आहे.

माझ्या घरामागेही एक खोली आहे. ती भाड्याने द्यायची ठरली तेव्हा गवंड्याला सांगून मी आधीच चांगल्या लाकडी खुंट्या बसवून घेतल्या. एक रांग मोठ्यांच्या हाताला येईल अशी. दोन खाली, कमरेच्याही खाली. गवंडी म्हणाला, “ताई, एवढ्या खाली कोण अडकवते?” मी म्हटलं, येईल कुणीतरी. आता तिथे झारखंडचं एक कुटुंब राहतं. त्यांची मुलगी दुसरीत आहे. तिने खालच्या एका खुंटीला दप्तर लावलं आहे आणि दुसरीला पाण्याची बाटली. मला ती कधी काही म्हणाली नाही. म्हणायचं कारणही नाही. तिच्या दृष्टीने खोल्यांना खुंट्या असतातच. तिला असंच वाटत राहावं, अशी माझी इच्छा आहे. आपल्याला ज्याचं अप्रूप वाटलं ते पुढच्या पोराला साधं वाटलं, म्हणजे काहीतरी पुढे सरकलं.

मात्र हीच मुलगी आली तेव्हा महिनाभर घरीच बसून होती. बापाला वाटत होतं, गावाकडच्या शाळेचा दाखला आल्याशिवाय इथे घेणार नाहीत, आणि दाखला आणायला जायचं म्हणजे हजेरी बुडणार. तो तसा समजूतदार माणूस. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

हंगाम आता सुरू होईल. तुमच्या शेतावर वेचणीला बाहेरची माणसं येतील, वीटभट्टीवर येतील, शेजारच्या खोलीत राहायला येतील. त्यांच्याबरोबर लेकरं असतील. शाळेच्या वेळात एखादं लेकरू बांधावर बसलेलं दिसलं, तर त्याच्या आईबापाशी दोन शब्द बोला आणि जवळच्या शाळेत मुख्याध्यापकांना कळवा. इथली माणसं बाहेर जाणार असतील, तर मुलांना मागे ठेवता यावं म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय आहे. शाळा व्यवस्थापन समितीकडे वेळेत चौकशी करा. आणि दाखल्याची अडचण कुणी सांगितली, तर त्याला शांतपणे एवढं सांगा. शिक्षण हक्काच्या 2009 सालच्या कायद्याप्रमाणे चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही.